डिस्क भरल्याचा फोन आला तर: आधी मोजणी, मग झाडू

मी मिरजेत राहून लहान ठिकाणचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. पॅथॉलॉजी लॅब, शाळा, दूध संकलन केंद्र. अशा ठिकाणी सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीतला एक डबा, आणि रात्री त्याच्याजवळ जो कुणी असेल तोच तिथला सिस्टिम अ‍ॅडमिन. लॅबमधल्या रात्रपाळीच्या टेक्निशियनचा फोन येतो, "ताई, रिपोर्ट सेव्ह होत नाहीत, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणतंय." त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "काय डिलीट करू?"

माझं उत्तरही ठरलेलं आहे. दादा, अजून काहीच नको.

कारण हा एकच संदेश कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अगदी वेगवेगळ्या कारणांसाठी देतो. त्याचा एरर क्रमांक २८. डेटाची जागा संपली तरी २८, फाइलींच्या नोंदी ठेवायची जागा संपली तरी २८, रूटसाठी (सगळे अधिकार असलेल्या मुख्य यूजरसाठी) राखून ठेवलेला भाग सोडून बाकीचं संपलं तरी २८. आणखी एक प्रकार तर डिस्कशी संबंधितच नाही: फाइलींवर पाळत ठेवणाऱ्या आयनोटिफायची मर्यादा संपली, तरी हाच एरर येतो. तिथे कितीही फाइली पुसल्या तरी उपयोग शून्य, एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस हा सिससीटीएलमधला (कर्नलच्या सेटिंगमधला) आकडा वाढवावा लागतो.

कमांड मी इथे फोनवर सांगते तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीत, आणि अक्षरं छोटी. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन. जवळजवळ सगळीकडे आधी सुडो लागेल (कमांड रूटच्या अधिकाराने चालवायला), ते दर वेळी लिहीत नाही.

पहिल्या दोन कमांड

डीएफ -एच
डीएफ -आय

दोन्ही चालवायच्या आणि दोन्हींचं उत्तर पूर्ण वाचायचं. पहिली जागा दाखवते, दुसरी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी. कुठलं पार्टिशन बघायचं हे कळत नसेल, तर ज्या फोल्डरमध्ये फाइल सेव्ह होत नाही त्याचं नाव पुढे द्या, म्हणजे फक्त त्याच पार्टिशनची ओळ येते. उबुंटूवर स्नॅपच्या लूप डिव्हाइसच्या ओळी कायम १०० टक्के दिसतात. ती फक्त वाचण्यासाठीची पॅकेजं असतात, त्यामुळे भरलेलीच असणार. फोनवरचा माणूस नेमका तीच ओळ पहिल्यांदा वाचून दाखवतो आणि घाबरतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

जागेच्या ओळीत एकूण आणि वापरलेली यांत फरक दिसतोय, पण उपलब्ध शून्य? मग तो राखीव भाग आहे. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवली जाते. मूळ पार्टिशनवर ती असावीच. तिच्यामुळेच डिस्क भरल्यावरही रूटला आत येऊन काम करता येतं. पण ५०० जीबीच्या नुसत्या डेटाच्या डिस्कवर त्या नावाने २५ जीबी पडून राहतात. तिथे ट्यून२एफएस -एम १ आणि पुढे डिव्हाइसचं नाव, एवढं केलं की राखीव भाग १ टक्क्यावर येतो. अनमाउंट करावं लागत नाही, जागा लगेच मोकळी दिसते.

जागा कुणी खाल्ली

डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

यातला एक्स विसरू नका. तो डीयूला त्याच फाइल सिस्टिममध्ये ठेवतो. नाहीतर ती बॅकअपच्या डिस्कमध्ये आणि नेटवर्क फोल्डरमध्ये शिरते आणि तुम्ही वाट बघत बसता. सॉर्टपुढचा एच केबी, एमबी, जीबी ओळखून क्रम लावतो, त्यामुळे सगळ्यात मोठं फोल्डर शेवटच्या ओळीत येतं. मग / च्या जागी त्या फोल्डरचं नाव, पुन्हा तीच कमांड. अशा तीन-चार पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. बहुतेक वेळा रस्ता /व्हार मध्येच जातो.

सापडलेलं सगळं पुसण्याजोगं मात्र नसतं. पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीजी_वॉल फोल्डरला हात लावायचा नाही. त्याचं नाव पूर्वी पीजी_एक्सलॉग होतं. 'लॉग' बघून लोक ते साफ करायचे आणि डेटाबेस उठायचाच नाही. म्हणून २०१७ साली १० व्या आवृत्तीत नाव बदललं. ते फोल्डर फुगलं असेल तर आधी बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट किंवा सतत अपयशी ठरणारी आर्काइव्ह कमांड शोधा. कारण मिटलं की पोस्टग्रे जुन्या फाइली स्वतः काढतो. मायएसक्यूएल डेटाबेसचे बिनलॉगही (बदलांच्या नोंदींच्या फाइली) आरएमने उडवायचे नसतात. डेटाबेसमध्ये शिरून 'पर्ज बायनरी लॉग्ज'ने काढायचे, म्हणजे त्याची यादी आणि डिस्क यांचा मेळ राहतो.

डीएफ एक सांगते, डीयू दुसरंच

डीएफ म्हणते ४८ जीबी वापरलेत, डीयूची बेरीज जेमतेम २० जीबी. नवखा माणूस इथे डिस्क खराब झाली असं धरून चालतो. दोघीही खरं बोलत असतात. डीएफ फाइल सिस्टिमला विचारते, तुझे किती ब्लॉक गेले. डीयू फोल्डरांतून हिंडून दिसतील त्या फाइली मोजते. म्हणजे फरक पडला तो न दिसणाऱ्या फाइलींचा. अशा फाइली बहुधा दोन ठिकाणी असतात.

पहिलं ठिकाण: पुसलेली, पण उघडी असलेली फाइल. लिनक्समध्ये आरएम फाइलीचं नाव काढते. ब्लॉक परत मिळतात ते नाव उरलेलं नसेल आणि कुठल्याही प्रोसेसने ती उघडी धरलेली नसेल तेव्हाच. कुणीतरी आधीच 'मोठा लॉग दिसला, पुसला' असं केलेलं असतं; प्रोग्रॅम मात्र त्या नाव नसलेल्या फाइलीत लिहीतच असतो. शोधायची कमांड:

एलएसओएफ +एल१

इथला एल मोठा. जिचे दुवे १ पेक्षा कमी उरले आहेत, म्हणजे शून्य, अशी प्रत्येक उघडी फाइल ती दाखवते: प्रोग्रॅमचं नाव, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), एफडी (त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइलीचा क्रमांक), आकार. एलएसओएफ नसेल तर एलएस -एल /प्रॉक/*/एफडी आणि त्यातून ग्रेपने 'डिलीटेड' शोधा. हे मूळ रूट शेलमध्ये करा, नाहीतर दुसऱ्यांच्या प्रोसेस दिसणार नाहीत.

सापडल्यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे ती सर्व्हिस रीस्टार्ट करणं. पण सकाळी सातला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग असताना मला लॅबचा प्रोग्रॅम बंद करायचा नसतो. मग फाइल तिच्या उघड्या दारातूनच रिकामी करते. पीआयडी २३१७ आणि एफडीच्या रकान्यात ४डब्ल्यू असेल, तर

ट्रंकेट -एस ० /प्रॉक/२३१७/एफडी/४

जागा त्याच क्षणी परत येते आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. इथे सुडोबरोबर '>' हे चिन्ह वापरू नका. ते चिन्ह तुमचा साधा शेल उघडतो, सुडो नाही, आणि परवानगी नाकारली जाते. एंटर मारण्याआधी एलएसओएफची ओळ परत वाचा. लॉग असेल तरच. डेटाबेसची तात्पुरती फाइल असेल तर ती रिकामी करू नका, सर्व्हिस नीट थांबवून पुन्हा चालू करा.

दुसरं ठिकाण: माउंटच्या खाली दबलेल्या फाइली. हे लहान ऑफिसांत फार. बॅकअपची यूएसबी डिस्क /बॅकअप वर माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरला जोडली जाते. एका रात्री केबल सैल झाली, डिस्क माउंट झालीच नाही, आणि स्क्रिप्टने सगळा बॅकअप /बॅकअप नावाच्या साध्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच ओतला. सकाळी कुणी केबल घट्ट केली, डिस्क पुन्हा माउंट झाली, खालच्या फाइली झाकल्या गेल्या. आता त्या एलएसला दिसत नाहीत, डीयूला दिसत नाहीत, जागा मात्र अडलेली. बघायचं असं:

माउंट --बाइंड / /एमएनटी

आता /एमएनटी/बॅकअप मध्ये झाकलेला माल दिसेल. तपासून काढा, मग यूमाउंट /एमएनटी.

हे पुन्हा होऊ नये म्हणून मी तीन गोष्टी करते. बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट १' ही ओळ: माउंट नसेल तर पुढे जायचंच नाही. एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या डिस्कच्या यादीत) त्या डिस्कची ओळ यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या कायमच्या ओळखक्रमांकाने लिहून पर्यायांत 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर चालू होताना इमर्जन्सी मोडमध्ये अडकणार नाही. आणि डिस्क काढलेली असताना रिकाम्या /बॅकअप फोल्डरवर चॅटर +आय. या शेवटच्या युक्तीवर माझा फार जीव आहे. त्यानंतर डिस्क माउंट नसेल तर रूटलासुद्धा तिथे फाइल बनवता येत नाही, आणि माउंट झाली की नेहमीसारखं लिहिता येतं. स्क्रिप्ट कुणी दुसऱ्याने लिहिली, त्यात तपासणीची ओळ नसली, तरी हे राखण करतं.

जागा आहे, आयनोड नाहीत

डीएफ -आय मध्ये १०० टक्के दिसले तर गोष्ट निराळी. जमीन शिल्लक आहे, पण सातबाऱ्याचे कोरे कागद संपलेत. ईएक्सटी४ साधारणपणे दर १६ केबीमागे एक आयनोड धरते आणि तो आकडा फाइल सिस्टिम बनवतानाच ठरतो. १०० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे ६५ लाख. एक्सएफएस ते गरजेप्रमाणे बनवते, त्यामुळे तिथे हा त्रास क्वचित.

शाळांच्या सर्व्हरवर नेहमीचं कारण पीएचपीच्या सेशन फाइली. डेबियन-उबुंटूवर ठरलेल्या सेशन फोल्डरची सफाई वेगळ्या टायमरने होते. एखाद्या विक्रेत्याने सॉफ्टवेअर बसवताना सेशनचं फोल्डर स्वतःच्या कोडमधून बदललं की तिकडे कुणी फिरकत नाही, आणि वर्षभरात लाखो इवल्या फाइली साठतात. शोधायला

डीयू --आयनोड्स -एक्स / | सॉर्ट -एन | टेल

आणि काढायला फाइंड. आरएम आणि तारका चालत नाही, नावांची यादी फार लांब झाली म्हणून शेल नकार देतो. फाइंडमध्ये फोल्डर, मग -टाइप एफ, मग -एमटाइम +७, आणि अगदी शेवटी -डिलीट. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासते; -डिलीट आधी लिहिलंत तर ती वय न बघता सगळंच उडवते. पहिल्यांदा शेवटी -प्रिंट लावून यादी बघा, पटली की तोच शब्द बदला.

लॉगला लगाम

वरचं सगळं रात्री करायचं काम. दिवसा, शांतपणे करायचं काम हे. लॉगरोटेट हा प्रोग्रॅम लॉग फिरवतो, म्हणजे जुना बाजूला ठेवून नवा सुरू करतो. विक्रेत्याच्या प्रोग्रॅमसाठी /ईटीसी/लॉगरोटेट.डी मध्ये एक छोटी फाइल:

/व्हार/लॉग/लॅब/*.लॉग {
    डेली
    मॅक्ससाइज १००एम
    रोटेट ७
    कॉम्प्रेस
    डिलेकॉम्प्रेस
    मिसिंगओके
    कॉपीट्रंकेट
}

शंभरापुढचा एम मोठा. मॅक्ससाइज बघून लोक निर्धास्त होतात: १०० एमबी झाली की फाइल फिरेल. तसं होत नाही. लॉगरोटेट चालेल तेव्हाच ती अट तपासली जाते आणि तो चालतो दिवसातून एकदा. बिघडलेला प्रोग्रॅम तासाभरात १० जीबी लिहू शकतो. म्हणून सिस्टिमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर करून त्यात टायमरच्या मथळ्याखाली दोन ओळी घालते: आधी नुसतं 'ऑनकॅलेंडर=' मोकळं, मग 'ऑनकॅलेंडर=अवर्ली' (ऑनकॅलेंडरमधले ओ आणि सी मोठे). मोकळी ओळ जुनी वेळ पुसते. ती नसेल तर दोन्ही वेळा लागू राहतात.

कॉपीट्रंकेट म्हणजे लॉगची प्रत काढायची आणि मूळ फाइल जागेवर रिकामी करायची. जो प्रोग्रॅम 'लॉग पुन्हा उघड' हा सिग्नल ऐकत नाही त्याच्यासाठीच ते. प्रत आणि सफाई यांच्या मधल्या क्षणात काही ओळी हरवू शकतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरसारखा शहाणा प्रोग्रॅम असेल तर कॉपीट्रंकेट काढा आणि पोस्टरोटेटमध्ये त्याला यूएसआर१ सिग्नल द्या.

आणखी एक अट आहे. प्रोग्रॅमने फाइल जोडून लिहायच्या पद्धतीने उघडलेली हवी. सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये आउटपुट एका '>' ने वळवलेलं असेल, तर फाइल रिकामी केल्यावरही प्रोग्रॅम जुन्याच जागेपासून पुढे लिहितो. एलएसमध्ये फाइल पुन्हा १० जीबी दिसते, सुरुवातीला नुसते शून्य बाइट असतात. दोन '>>' केले आणि प्रोग्रॅम एकदा रीस्टार्ट केला की प्रश्न मिटतो.

फाइल लिहून झाली की लॉगरोटेट -डी आणि तिचं नाव. काही न बदलता काय करणार ते तो सांगतो. फोल्डर रूटशिवाय दुसऱ्या ग्रुपला लिहिण्याजोगं असेल तर 'इनसिक्युअर परमिशन्स' म्हणून तो फिरवायला नकार देतो. मग त्या कंसात एसयू, यूजर आणि ग्रुप अशी ओळ लागते.

सिस्टिमडीचं (सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) जर्नल, म्हणजे त्याचा लॉग, स्वतःहून आवरतं असतं: फाइल सिस्टिमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी. ४० जीबीच्या सर्व्हरवर तेही मला जास्त वाटतं. /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ.डी मध्ये 'जर्नल' मथळ्याखाली सिस्टिममॅक्सयूज=५००एम (एस, दोन्ही एम आणि यू मोठे), मग जर्नलडी रीस्टार्ट. लगेच जागा हवी असेल तर जर्नलसीटीएल --रोटेट --व्हॅक्यूम-साइज=२००एम (शेवटचा एम मोठा); रोटेट जोडायचं कारण, व्हॅक्यूम फक्त बंद झालेल्या फाइली काढतो.

डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) असेल तर त्याचा नेहमीचा जेसन-फाइल लॉग कधीच फिरत नाही. डीमन.जेसन मध्ये लॉग-ऑप्ट्सखाली मॅक्स-साइज १०एम आणि मॅक्स-फाइल ३ लिहा, एम इथे छोटा. ही मर्यादा नव्याने बनवलेल्या कंटेनरनाच लागते, जुने पुन्हा बनवावे लागतात.

फोन येण्याआधी कळलं पाहिजे

माझ्या सगळ्या सर्व्हरवर एक छोटी बॅश स्क्रिप्ट असते. तिचा गाभा ही ओळ:

डीएफ --आउटपुट=पीसेंट,आयपीसेंट,अवेल,टार्गेट -एक्स टीएमपीएफएस -एक्स डेव्हटीएमपीएफएस -एक्स स्क्वॉशएफएस -एक्स ओव्हरले

पहिली मथळ्याची ओळ टेल -एन +२ ने काढायची, बाकीच्या व्हाइल रीडने एकेक वाचायच्या, टक्क्याचं चिन्ह झटकायचं आणि तुलना करायची. आयनोडच्या रकान्यात काही ठिकाणी आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ येते (उदाहरणार्थ ईएफआयच्या पार्टिशनवर), ती ओळ आकडा समजून तपासली तर स्क्रिप्ट एरर देते. रेघ असेल तर शून्य धरा.

नुसत्या टक्क्यांवर माझा भरवसा नाही. ८५ टक्के म्हणजे ५० जीबीच्या डिस्कवर साडेसात जीबी शिल्लक, तर ४ टीबीच्या डिस्कवर ६०० जीबी. म्हणून टक्के ८५ च्या वर आणि शिल्लक १० जीबीच्या खाली, दोन्ही झालं तरच इशारा. आयनोडसाठी मात्र नुसते ८५ टक्के पुरेत.

इशारा कर्लने टेलिग्रामच्या बॉटला जातो, लॅबचा टेक्निशियन आणि मी असा आमचा ग्रुप आहे. बॉटचा टोकन कमांडमध्ये लिहू नका, पीएसच्या यादीत कुणालाही दिसतो; कर्लला -के (मोठा के) लावून ६०० परवानगीच्या (फक्त मालकाला उघडता येणाऱ्या) फाइलीतून वाचायला लावा. 'हा इशारा दिला आहे' ही खूण ठेवायची ती /रन मध्ये. /रन मेमरीत असतं, त्यामुळे डिस्क पूर्ण भरली तरी खूण लिहिता येते आणि दर दहा मिनिटांनी तोच संदेश येत नाही.

ठरलेल्या वेळी चालवायला जुन्या क्रॉनपेक्षा सिस्टिमडी टायमर मला आवडतो. क्रॉनमध्ये पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, टक्क्याचं चिन्ह नवी ओळ समजलं जातं, आणि आउटपुट कुठे गेलं ते शोधावं लागतं. टायमरमध्ये आउटपुट जर्नलमध्ये सापडतं आणि आधीची फेरी संपली नसेल तर दुसरी सुरूच होत नाही. सर्व्हिसचा टाइप वनशॉट, टायमरमध्ये ऑनकॅलेंडर=*:०/१०.

शिवाय रोज सकाळी आठला एक हजेरीचा संदेश. सर्व्हरच बंद असेल तर इशाराही येणार नाही, पण हजेरी आली नाही हे टेक्निशियनच्या लक्षात येतं. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथले आठ म्हणजे आपली दुपारची दीड. ऑनकॅलेंडरमध्ये वेळेपुढे एशिया/कोलकाता लिहिता येतं, मग हिशेब करावा लागत नाही.

आणि अडीनडीसाठी एक राखीव फाइल: फॅलोकेट -एल १जी /राखीव, जी मोठा. डिस्क इतकी भरली की एडिटरमध्ये फाइलसुद्धा सेव्ह होत नाही, तेव्हा फोनवर निर्धास्तपणे 'हिला पुसा' म्हणता येईल अशी ही एकच फाइल. काम झालं की ती परत बनवायची.

सराव

इशारा येतो की नाही हे खरी डिस्क भरेपर्यंत थांबून बघू नका. ट्रंकेट -एस २००एम (मोठा एम) ने /व्हार/टीएमपी मध्ये एक फाइल बनवा, तिच्यावर एमकेएफएस.ईएक्सटी४ -एन १००० चालवा (मोठा एन, म्हणजे आयनोड मुद्दाम थोडे), आणि माउंट -ओ लूप ने एखाद्या रिकाम्या फोल्डरवर चढवा. आत टचने हजारभर रिकाम्या फाइली बनवायला लागा. शेवटाकडे तोच २८ क्रमांकाचा एरर दिसेल, डीएफ -एच मात्र भरपूर जागा दाखवत असेल. दहा मिनिटांत ग्रुपवर संदेश आला पाहिजे.

मग त्या पुसा आणि जागेची पाळी घ्या.  सरळ फॅलोकेटने १५० एमबीची फाइल बनवा, लेस -एफ ने ती दुसऱ्या टर्मिनलवर उघडी धरा, पहिल्यावरून आरएम करा. डीएफमधला आकडा हलणार नाही, एलएसओएफ +एल१ मध्ये लेसचं नाव दिसेल. क्यू दाबून लेस बंद केलं की जागा परत. टेक्निशियनलाही हे शेजारी बसवून एकदा करायला लावा, मग यूमाउंट आणि ती २०० एमबीची फाइल काढून टाका.